आप्रेशनचा रकाना

मी सत्तावीस वर्षं लोकांचे दंड आवळले. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबून पारा वर चढवायचा, मग हवा हळूहळू सोडत कानाला नळी लावून ऐकत बसायचं. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा. काम एवढंच. तरी माझ्या निवृत्तीच्या सत्काराला चेअरमन साहेबांनी भाषणात, 'सिस्टरनी हजारो इंजेक्शनं दिली, पण कुणाला दुखू दिलं नाही,' असं सांगितलं. इंजेक्शनं आमच्याकडं कंपाउंडर देत असे आणि ती चांगलीच दुखत.

नोकरी बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात होती. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तेव्हाचे निम्मे संचालक अजून हयात आहेत आणि उरलेल्यांची मुलं आता संचालक आहेत. दवाखाना म्हणजे वजनकाट्याला लागून असलेल्या दोन खोल्या. एका बाजूला उसाच्या गाड्या मोजल्या जायच्या, दुसऱ्या बाजूला माणसं. गाडीचं वजन कमी भरलं की भांडण व्हायचं आणि माणसाचं जास्त भरलं तरी. त्यामुळं आवारात शांतता अशी नव्हतीच.

डॉक्टर साहेब लातूरकडचे. बोलणं कमी, लिहिणं फार. त्यांनी मनावर घेतलं होतं की आसपासच्या तीन गावांतली ठरावीक घरं धरायची आणि दर वर्षी त्याच माणसांचं वजन, कंबर, रक्तातली साखर आणि बीपी मोजायचं. पोट आणि साखर वाढत जाते तसं बीपीही वाढतं का, आणि बायका-पुरुषांत ते सारखंच वाढतं का, हे त्यांना बघायचं होतं. एकदा मोजलेल्या बीपीला ते किंमत देत नसत. "सिस्टर, एकदा मोजलं तर तो त्या माणसाचा त्या दिवसाचा मूड आहे," ते म्हणायचे. "दहा वर्षं मोजलं की त्याच्या शरीराचा स्वभाव कळतो." ही मोजणी पोळा ते दसरा या दिवसांत उरकावी लागे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या सुटतात आणि गावात म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात.

काम सोपं होतं, माणसं सोपी नव्हती. बीपी मोजण्याआधी माणसानं पाच मिनिटं गप्प बसावं लागतं. आमच्याकडं पाच मिनिटं गप्प बसणारा माणूस आजारीच असतो. बायकांची अडचण निराळी. झंपरच्या बाह्या घट्ट असतात. पट्टा बाहीवरून बांधला तर आकडा चुकतो आणि बाही वर सरकवली तर तीच दंड आवळते, मग आकडा चुकतोच. म्हणून मी दोन ढगळ झंपरं शिवून घेतली होती. बाईनं आत जायचं, माझं झंपर घालून बाहेर यायचं, मोजून झालं की परत करायचं. तीन गावांतल्या बायका माझी दोन झंपरं आलटून पालटून घालत. धुवायचं काम माझ्याकडं होतं आणि ते कुठल्याही भाषणात आलं नाही.

कमरेचं मापही असंच. टेप लावला की पुरुष पोट आत ओढतात आणि बायका लाजून मागं सरतात. माझा भरवसा टेपपेक्षा करदोड्यावर होता. पुरुषांच्या कमरेला काळा करदोडा असतो. तो रुतायला लागला की नवा घालतात. 'करदोडा कधी बदलला?' असं विचारलं की पोट कधी सुटलं त्याचं साल कळतं. बायकांना परकराच्या नाडीचं विचारायचं. गाठ मारल्यावर नाडीची टोकं आधी कुठवर लोंबायची, आता कुठवर लोंबतात. वजन विचारलं तर बाई हातचं राखून सांगेल, पण नाडीत लपवण्यासारखं काही आहे हे तिच्या डोक्यातच येत नाही. डॉक्टर साहेब आधी या पद्धतीला हसले. मग त्यांनी रजिस्टरात तसा रकाना आखला.

आमच्या भागात बीपी हा पुरुषांचा आजार होता. साधासुधा नाही, मानाचा. चेअरमनना बीपी होतं, सरपंचांना होतं, चार-पाच संचालकांना होतं. लग्नात पंगतीला बसताना माणूस मोठ्यानं म्हणायचा, "मला मीठ कमी वाढा, बीपी हाय मला." आजूबाजूचे आदरानं बघायचे. बायकांना बीपी नव्हतं. त्यांचं डोकं दुखायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची, जीव घाबरा व्हायचा, चक्कर यायची. पाऱ्यात आकडा तोच असायचा. मी तो लिहून घ्यायची आणि घरातले म्हणायचे, "तिला चक्करीची गोळी द्या." चक्करीची गोळी असा काही प्रकार नाही हे मी कितीतरी घरांत सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि चक्करीची गोळी मागितली.

त्यातच दुष्काळाची वर्षं आली. ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं बंद आणि दवाखाना मात्र चालू. जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली. जनावरांपाशी कुणीतरी थांबायला हवं म्हणून पुरुष छावणीत राहिले. बायका टँकरमागं पळायच्या, पाणी भरायच्या, भाकरी बांधून छावणीत पोचवायच्या. भाजी कुठली? भाकरी, खारट ठेचा आणि त्याहून खारट लोणचं. पुरुष दिवसभर झाडाखाली पत्ते खेळायचे. त्या वर्षीच्या मोजणीत छावणीतले बैल उतरलेले होते आणि मालक चढलेले. एकाच पावसाळ्यात तीन गावांतल्या किराणा दुकानांतले करदोडे संपले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिच्याकडं वळते.

शेवंता आमच्या मोजणीत पहिल्या वर्षापासून होती. तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. काटक, काळीसावळी, दारात दहा-बारा शेळ्या. पहिल्यांदा पट्टा बांधला तर म्हणाली, "अजगरावानी आवळतंय वो हे, शिस्टर." एकशे दहा, सत्तर. बोटाला टोचून साखर पाहिली, तीही ठीक. मला तिचं कौतुक वाटलं होतं. नवरा भागवत. थोडी कोरडवाहू जमीन आणि बापानं ठेवलेले कारखान्याचे दोन शेअर, म्हणून तो कारखान्याचा सभासद. पण पोट भरायचं ते ऊसतोडीवर. तोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोघांपैकी एक जण घरी बसला की कोयता मोडला, दुसऱ्याला काम नाही. शेवंता ऊस तोडायची, मोळ्या डोक्यावरून वाहायची. भागवत मोळ्या रचायचा आणि बैलगाडी हाकायचा. दोघंही दमायचे, पण भागवत बसून दमायचा.

भागवतचं बीपी तिसऱ्या वर्षी वाढलेलं निघालं. करदोडा दोनदा बदलून झाला होता, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. त्याला मात्र फार आनंद झाला. दवाखान्याचं कार्ड त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवलं आणि पंगतीत मीठ कमी मागायला लागला.

शेवंताचा पारा पाचव्या वर्षी हलला. सहाव्या वर्षी आणखी. सातव्या वर्षी मी पट्टा बांधला आणि एकशे चौसष्ट, एकशे चार. नाडीची टोकं वीतभर आखडली होती. हातपाय तसेच काटकुळे आणि मध्येच पोट. साखरही वरच्या काठाला टेकलेली. ती म्हणाली, "चक्कर येती वो लई. उसाच्या फडात दोनदा पडले." मी पुन्हा मोजलं. तेच.

गोळी सुरू करायला हवी होती आणि इथं अडचण होती. कारखान्याच्या ठरावाप्रमाणं औषधं फुकट, पण फक्त सभासदांना. सभासद कोण? ज्याच्या नावावर शेअर तो. शेअर कुणाच्या नावावर? पुरुषांच्या. म्हणजे बायकांचं बीपी आम्ही मोजत होतो, लिहीत होतो, दर वर्षी वाढताना बघत होतो आणि नमस्कार करून घरी येत होतो. विकत घ्यायची तर गेवराईला जायला लागे. घरच्यांच्या मते बाईला बीपी नव्हतंच, मग न झालेल्या आजाराची गोळी रोज कोण विकत आणणार?

मी चलाखी केली. भागवतच्या कार्डावर एका गोळीच्या दोन केल्या आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "एक तुमची, एक शेवंताची. रोज सकाळी." त्यानं मान हलवली. आमच्याकडं पुरुष मान हलवतात तेव्हा त्याचा अर्थ 'ऐकू आलं' एवढाच असतो. हे इतकी वर्षं या भागात काढून मी विसरले.

महिन्याभरानं कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. मंडपात सगळे सभासद. विषय क्रमांक सहा, कारखान्याच्या आवारात कडुनिंबाची झाडं लावणे. प्यायला पाणी नव्हतं, पण विषय आधीच छापून झाला होता. अनुमोदनाला भागवत उठला. "माझं या ठरावाला अनुमोदन हाय," म्हणाला आणि आडवा झाला. चेअरमननी 'अनुमोदन मिळालेलं आहे' असं जाहीर केलं, मंडप 'मंजूर, मंजूर' ओरडला आणि मग पाणी मागवण्यात आलं.

मला बोलावलं. बीपी पाहिलं तर ऐंशी, पन्नास. माणसाला उचलून दवाखान्यात निजवलं, पाय उशीवर ठेवले. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "भागवतराव, गोळ्या किती खाता?"

"दोन."

"दुसरी शेवंताची होती ना?"

"बाईला कुठलं आलं बीपी, शिस्टर? कागदावर माझं नाव हाय, दोन लिवल्यात. दोन खाल्ल्या. कारखान्याचं औशिद वाया कावून घालायचं?"

त्यात काही खोट काढता येईना.

डॉक्टर साहेबांनी कार्ड पाहिलं. "एकाच्या दोन कुणी केल्या?" मी खरं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रजिस्टर उघडलं, शेवंताच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सिस्टर, मला हा आकडाच खरा वाटत नाही. पुरुषाचं बीपी तिशीपासून पोटाबरोबर हळूहळू चढत जातं. बाईचं पाळी चालू आहे तोवर बहुतेक बेतात असतं. पाळी जाते, मग ते उसळतं आणि कधी कधी पुरुषाच्याही पुढं जातं. साखर आणि चरबीचंही तसंच. तुमच्या रजिस्टरात तिशीतल्या बायका पन्नाशीतल्यासारख्या चढतायत. ही एकटी नाही, अशा बऱ्याच आहेत. एक तर यंत्र बिघडलंय, नाही तर तुमचा कान."

माझ्या कानाला तोवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर. तुमच्या कानानं ऐका."

दुसऱ्या दिवशी आम्ही शेवंताच्या अंगणात. तिला माझं झंपर घालायला लावलं, पाच मिनिटं बसवलं. साहेबांनी दोन्ही दंडांवर तीन-तीनदा मोजलं. आकडा माझ्याहून दोननं जास्तच आला. त्यांनी पट्टा सोडला. मग मला म्हणाले, "यांना मासिक पाळी नियमित येते का विचारा."

मी विचारलं. शेवंता हसली.

"आता कुठली पाळी वो, शिस्टर? पिशवी काढून सा वर्सं झाली की."

पिशवी म्हणजे गर्भपिशवी. साहेबांनी रजिस्टरात पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"शेवंता, मी तुला दर वर्षी विचारते ना, आप्रेशन झालंय का म्हणून?"

"मंग मी झालंयच म्हणते की. धाकटीच्या पाठीवर झालं न्हवं का? पिशवीचं तुमी कवा इचारलंच न्हाई."

"अगं, पिशवी काढणं म्हणजे आप्रेशनच की."

"आप्रेशन म्हंजी पोरं बंद करायचं," ती मला समजावून सांगायला लागली. "पिशवी म्हंजी पिशवी."

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्या गावांत 'आप्रेशन' या शब्दाला एकच अर्थ आहे, कुटुंब नियोजनाचा. अपेंडिक्स काढलं तर 'पोट फाडलं' म्हणतात, डोळ्याचं झालं तर 'मोत्या काढला'. नुसतं आप्रेशन म्हणजे तेच एक. आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं माहेर युसूफ वडगावचं, मी याच भाषेत वाढले. त्यातून कारखान्यात येण्याआधी पाच वर्षं मी सरकारी नर्स होते. तेव्हा गावोगाव हिंडून आप्रेशनच्या केसेस मिळवायच्या, टार्गेट पुरं करायचं, हेच काम. बाईनं 'आप्रेशन झालंय' म्हटलं की माझा जीव थंड व्हायचा आणि हात आपोआप बरोबरची खूण करायचा. तोच हात मी घेऊन आले होते. रजिस्टरात साहेबांनी 'शस्त्रक्रिया' असा रकाना आखला होता. मी त्याचं भाषांतर 'आप्रेशन' केलं आणि सात वर्षं खुणा करत गेले.

"पण कावून काढली गं?" मी विचारलं.

"अंगावरून पांढरं जायचं. पोट दुखायचं. फडात दर म्हैन्याला खाडा पडायचा, मुकादम वरडायचा. डॉक्टर म्हणला, ठिवली तर कॅन्सर व्हतो. टोळीतल्या समद्यांनीच काढल्यात. आता कटकट न्हाई." घरातली जुनी खाट मोडीत काढावी तितक्या सहज तिनं सांगितलं. मग म्हणाली, "च्या टाकते, बसा."

वाटेत साहेबांनी मला समजावून सांगितलं. पिशवीबरोबर पुष्कळदा अंडाशयंही काढतात. ठेवली तरी ती वेळेआधी थकू शकतात. मग बाईच्या अंगातलं वय एकदम पुढं सरकतं. चरबी पोटावर येते, साखर वाढते, बीपी चढतं. तिशीतली बाई आतून पन्नाशीची होते आणि वरून मोळ्या वाहत राहते. आम्ही सात वर्षं तिच्या शरीराचा स्वभाव लिहून ठेवला होता, फक्त तिला काय झालंय तेवढं विचारलं नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

मी पुन्हा तीन गावं पालथी घातली. लाल पेनानं पट्टी धरून नवा रकाना आखला, 'पिशवी'. घराघरांत तो एकच शब्द उच्चारायचा. बायका भाकरी थापता थापता 'काढली की' म्हणायच्या आणि सोबत शेजारणीचंही सांगून टाकायच्या. पाऱ्याबद्दल साहेबांना जे कोडं पडलं होतं ते आठ दिवसांत सुटलं. माझा कान शाबूत असल्याचं सिद्ध झालं. त्याचा आनंद झाला नाही.

पण गोळीचं काय? साहेब चेअरमनकडं गेले. चेअरमन म्हणाले, "डॉक्टर, तुमी म्हणता ते बराबर हाय. पण ठराव सभासदांचा हाय. बदलायचा तर पुढल्या सभेत बघू." पुढली सभा वर्षानं. ऊस आमच्याकडं नव्हता, त्यामुळं टोळ्या या वेळी लांब जाणार होत्या आणि गाड्या सुटायला जेमतेम आठवडा राहिला होता. हे बीपी घेऊन शेवंता सहा महिने मोळ्या वाहणार होती. 'जाऊ नको' म्हणण्यात अर्थ नव्हता. ती घरी राहिली तर कोयता मोडत होता.

शेअरवर माझी नजर गेली. एक शेअर असला तरी माणूस सभासद. भागवतकडं दोन होते. मी पारावर जाऊन त्याला गाठलं.

"एक शेअर शेवंताच्या नावानं करा. तिला हक्कानं गोळी मिळेल."

"बायकूच्या नावानं?" तो हबकला. "मंग ती सभंला बसनार?"

"बसेल. तुमच्यासारखी आडवी होणार नाही."

शेजारी बसलेला त्याचा मित्र फिदीफिदी हसला. "दे बे भागवत. कारखाना बंद पडून दोन वर्सं झाली, शेअरचं काय लोणचं घालतू?"

भागवतनं विचार केला. "माज्या गोळ्या चालू ऱ्हातील न्हवं?"

"राहतील. एका शेअरवर तुमच्या, एकावर तिच्या."

त्यानं सही केली. अर्ज मी स्वतः कारखान्याच्या ऑफिसात नेला आणि क्लार्कच्या टेबलासमोर तो मंजूर होईपर्यंत उभी राहिले. आमच्या कारखान्याची ती पहिली बाई सभासद असावी जी चक्कर येत असल्यामुळं सभासद झाली. साहेबांनी सहा महिन्यांच्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात भरून दिल्या. मी शेवंताला बजावलं, "रोज एक. चुकवायची नाही. भागवतला डब्याला हात लावू द्यायचा नाही." ती म्हणाली, "त्येंची काय टाप हाय?" गाडीत बसताना डबा तिनं पोटाशी धरला होता. मला वाटलं, जिंकलं.

टोळी पाडव्याच्या सुमारास परतली. शेवंता दवाखान्यात आली तेव्हा मी आधी तिला ओळखलं नाही. डावा पाय ओढत होती. डाव्या हाताची मूठ अर्धवट मिटलेली. मला बघून ती हसली आणि अर्धंच तोंड हसलं. होळीच्या आधी मोळी उचलताना डावं अंग गेलं होतं. तिकडच्या सरकारी दवाखान्यात आठ दिवस ठेवलं, मग थोडं थोडं परत आलं. मी पट्टा बांधला. एकशे ब्याऐंशी.

"गोळ्या?"

"सरल्या."

"रोज एक खाल्लीस, तरी अंग गेलं?"

"आमी टोळीत नऊ जणी, शिस्टर. समद्यांलाच चक्कर. समद्यांच्याच पिशव्या काढल्याल्या. डबा बघून समद्या इचारायल्या. मंग मी एकटीनंच कशी खावी? पाळी लावली. एक दिस एकीनं, दुसऱ्या दिशी दुसरीनं. अंगावरनं वारं गेलं, तवापासनं काम त्येंलाच करायचं, म्हणून माझीबी पाळी त्येंलाच दिली."

नवऱ्यानं दोघांच्या गोळ्या एकट्यानं खाल्ल्या होत्या आणि बायकोनं एकटीच्या नऊ जणींत वाटल्या होत्या. मी तिच्यावर ओरडले. अर्धं तोंड लुळं पडलेल्या बाईवर मी भर दवाखान्यात ओरडले आणि ओरडता ओरडता रडले. ती मला पाणी आणून देऊ लागली, उजव्या हातानं.

मग मी नियम केला. गोळी घरी द्यायची नाही. रोज सकाळी तिनं डेअरीवर दूध घातलं की दवाखान्यात यायचं, माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायची, वर पेलाभर पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. शेवंता एक दिवस चुकली नाही. पाय ओढत यायची, गोळी टाकायची, पाणी प्यायची, तोंड उघडायची. मी बघायची, खूण करायची. महिना गेला. पारा थोडा उतरला आणि एकशे साठाशी अडून बसला. साहेबांनी गोळी बदलली. तरी तसाच. मी यंत्र बदललं. मनात आलं, आता खरंच माझा कान गेला.

एका सकाळी ती गोळी घेऊन बाहेर पडली आणि मी खिडकी उघडायला गेले. बाहेर ओट्यावर तिची जाऊ बसलेली होती. तीही त्याच टोळीतली, तिचा नवरा सभासद नव्हता. शेवंता तिच्यापुढं वाकली, डाव्या गालात बोट घातलं, गोळी काढली आणि पदराला पुसून जावेच्या तळहातावर ठेवली.

मी धावत बाहेर गेले. "किती दिवस चाललंय हे?"

"रोजच न्हाई, शिस्टर," शेवंता म्हणाली. "एक दिस मी गिळते, एक दिस तिला देते."

"अगं, मी रोज तुझं तोंड उघडून बघते. मला दिसलं कसं नाही?"

तिनं डाव्या गालाला हात लावला.

"ह्या गालात काय बी ठिवलं तरी मलाच कळत न्हाई. तुमाला कसं कळंल?"